खोटा घाट

लहानपणी ज्याने ताटलीचे स्टिअरिंग करून गाडी चालवली नाही, असा मनुष्य आपल्याकडे सापडणे कठीण. आमच्या घरी तर जेवणाची ताटली हातात आली की आधी ती दोनदा डावीउजवीकडे फिरे आणि मगच तीत भात पडे. तोंडाने इंजिनाचा आवाज, जिभेने हॉर्न आणि पायाखाली ओसरीची फरशी! या गाडीला पेट्रोल लागत नसे, लायसन्स लागत नसे, आणि ती कुणाच्या अंगावरून गेली तरी त्याला लागत नसे.

ही ताटली अलीकडे फार महाग झाली आहे, हे मला पुण्याला ताईकडे गेले तेव्हा कळले. भाच्याच्या खोलीत टेबलाला घट्ट आवळून बसवलेले एक स्टिअरिंग होते, खाली तीन पायडल होते आणि समोर भिंतीएवढा पडदा. किंमत मी एकदा विचारली. उत्तर ऐकल्यावर पुन्हा विचारली नाही. या सरंजामाला सिम्युलेटर म्हणतात. शर्यतीच्या मोटारी घरबसल्या चालवण्याचे हे साधन आहे, आणि त्यात बसून भाचा जगातल्या पोरांशी रात्री अकरापर्यंत शर्यती लावतो.

"मावशी, नव्वद टक्के खऱ्यासारखंच आहे हे," तो म्हणाला.

मी त्याच्या जागी बसून पाहिले. त्याने मला जर्मनीत नेले. तिथे आयफेल नावाच्या डोंगरात १९२७ साली बांधलेला न्युर्बुर्गरिंगचा जुना रस्ता आहे. एका फेरीला जवळजवळ २१ किलोमीटर, सगळा झाडीतून, वर-खाली, वळणावर वळण. जॅकी स्ट्युअर्टसारख्या तीनदा जगज्जेत्या झालेल्या शर्यतपटूने त्याला 'हिरवा नरक' म्हटले होते. मी त्या नरकाच्या दुसऱ्याच वळणावर ताशी १६० किलोमीटरने झाडावर आदळले, आणि आदळता आदळता स्वयंपाकघरातल्या ताईला, "माझ्या चहात आलं नको गं," असे सांगितले. माझ्या मते त्या उरलेल्या दहा टक्क्यांचा हिशेब या एका वाक्यात आला. पण नव्वदाचाही हिशेब द्यायला हवा, कारण तो थोडाथोडका नाही.

त्या स्टिअरिंगच्या पोटात मोटर असते. पुढच्या चाकांनी रस्ता धरला की स्टिअरिंग जड होते, चाके घसरू लागली की ते एकदम हलके पडते, आणि हा हलकेपणा मनगटाला डोळ्यांच्या आधी कळतो. चांगल्या प्रतीचे ब्रेकचे पायडल पाय किती खाली गेला हे मोजत नाही, किती जोराने दाबला हे मोजते. खऱ्या गाडीतही पायाला जोराचीच ओळख असते. रस्ते तर लेसरने मोजून घेतलेले! अमुक वळणाच्या आतल्या अंगाला डांबराला उंचवटा आहे, तर तो पडद्यावरच्या रस्त्यालाही असतो आणि हाताला जाणवतो. हे सगळे करायला किती बुद्धिमान माणसांनी किती वर्षे घालवली असतील, हा विचार मनात आला की हसू येत नाही. आमच्या ताटलीला एवढे कुणी केले नव्हते.

या वंशाचा मूळपुरुष मात्र मोटारवाला नव्हता. तो होता बाजाचा कारागीर. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. लिंकला विमान चालवण्याचे वेड. पण शिकवणी महाग. तेव्हा त्याने ऑर्गनचे भाते घेतले, त्यांवर लाकडी विमानाचा एक ठेंगणा डबा बसवला आणि भात्यांत हवा भरून-काढून तो डबा डावी-उजवीकडे, पुढे-मागे कलेल अशी योजना केली. हे १९२९ च्या सुमाराचे. आपल्या कीर्तनातल्या पेटीचा भाता ज्याने पाहिला असेल त्याला ही गोष्ट लगेच कळेल. प्रथम लोकांनी त्याला जत्रेतला पाळणा समजून करमणुकीच्या बागांत बसवला. मग १९३४ साली अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले. रात्री, धुक्यात, पावसात उड्डाण करण्याचा सराव नसल्यामुळे काही आठवड्यांतच त्यांच्यातले अनेक जण मेले, आणि लष्कराने लिंकचे सहा डबे विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या निळ्या डब्यात बसून आंधळे उड्डाण शिकले. धुक्यात खोटे मरून घेतले म्हणजे खरे मरण थोडे टळते, एवढेच ते तत्त्व. खेळणे आणि शिकवणी यांच्यातली भिंत तेव्हापासूनच पातळ आहे.

मोटारींच्या बाबतीत ही भिंत पाडली ती एका जपानी खेळाने. काझुनोरी यामाउची या माणसाने 'ग्रॅन टुरिस्मो' नावाचा खेळ १९९७ साली बाजारात आणला. २००८ पासून निस्सान कंपनीने या खेळातले सर्वांत वेगवान खेळाडू निवडून त्यांना खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसवण्याचा उपक्रम काही वर्षे चालवला. पहिला निवडलेला लुकास ऑर्दोन्येझ हा स्पेनचा. तो २०११ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. त्याच वर्षी जॅन मार्डनबरो हा कार्डिफचा एकोणीस वर्षांचा मुलगा हजारो खेळाडूंतून निवडला गेला, आणि २०१३ साली तोही ल मान्सला आपल्या गटात तिसरा ठरला. ज्यांनी लहानपणापासून छोट्या गाड्या पळवण्यात बापाचा पैसा ओतला होता त्यांच्या पंक्तीला ही खोलीत बसणारी मुले येऊन बसली. भाच्याच्या नव्वद टक्क्यांना हा सज्जड पुरावा आहे आणि तो मी निमूटपणे मान्य केला.

पण मार्डनबरोची गोष्ट इथे संपत नाही. मार्च २०१५ मध्ये त्याच न्युर्बुर्गरिंगवर, एका उंचवट्यावर, त्याच्या गाडीचे नाक हवेत उचलले गेले. गाडी उभी झाली, कुंपणावरून पलीकडे गेली, आणि शर्यत पाहायला आलेला एक मनुष्य मेला. तो रस्ता त्या खेळातही आहे, तो उंचवटाही आहे. खेळात तिथे कुंपणापलीकडे जे लोक उभे असतात ते रंगवलेले असतात.

२०२३ साली या मुलाच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, तो आम्ही सगळ्यांनी बसून पाहिला. त्यात हा अपघात ल मान्सच्या यशाच्या आधी घडलेला दाखवला आहे, म्हणजे नायक खचतो, सावरतो आणि मग जिंकतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईने घटनांच्या उलटापालटीबद्दल तक्रार करावी हे कुणाला चोराच्या उलट्या बोंबा वाटतील. तरी सांगते, ते मला रुचले नाही. घरून शर्यत पाहायला निघालेला एक माणूस परत आला नाही, त्याला नायकाच्या जिन्याची पायरी करू नये.

आता शरीराचे. 'आयरेसिंग' नावाच्या खेळात २०१० साली जगज्जेता झालेल्या ग्रेगर हुट्टू या फिनलंडच्या तरुणाला एका इंग्रजी मोटार-मासिकाने अमेरिकेत रोड अटलांटाच्या रस्त्यावर नेले आणि खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसवले. त्याला सगळे पाठ होते. कुठे ब्रेक लावायचा, कुठे वळायचे, कुठे गाडी सोडायची, यात तो पहिल्या फेरीपासून चुकला नाही. जाणकार चाट पडले. पण थोड्याच फेऱ्यांत त्याच्या पोटाने बंड केले आणि त्याला ओकारी झाली. डोक्याला रस्ता ठाऊक होता, मानेला आणि पोटाला नव्हता.

याचे कारण आपल्या कानात आहे. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोके फिरल्याचे सांगतात. शेजारी चुन्याचे बारीक कण असलेल्या दोन पिशव्या असतात, त्या आपण पुढे ढकललो गेलो, मागे ओढलो गेलो याची खबर देतात. घरच्या सिम्युलेटरमध्ये डोळे म्हणतात, गाडी सुसाट चालली आहे. कान म्हणतात, बाई खुर्चीत बसली आहे. या भांडणात कित्येकांना मळमळते. मलाही मळमळले. मोठ्या यंत्रांत खुर्चीच हळूच मागे कलवतात, म्हणजे पाठीवर पडलेला आपलाच भार आपल्याला गाडीने घेतलेला वेग वाटतो. ही लबाडी कानाला कळणार नाही इतकी सावकाश करावी लागते. पण तिलाही मर्यादा आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीने जोरात ब्रेक लावला तर चालकाला आपल्या वजनाच्या पाचपट ओढ लागते. खुर्ची कितीही कलवली तरी आपल्या एकपट वजनापलीकडे ती काय देणार?

हे सारे मी भाच्याशी वाद घालण्यासाठी वाचले होते. त्याचा उपयोग भलतीकडेच झाला.

माझे वडील, अण्णा, एकतीस वर्षे एस. टी.त ड्रायव्हर होते. बहुतेक नोकरी चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. बोलणे सुधारले, हात सुधारला. उजव्या पायात मात्र जडपणा राहिला. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितले. अण्णांनी मान डोलावली आणि चौथ्या दिवशी माझी शाळेची छोटी गाडी घेऊन वाशिष्ठीच्या पुलापर्यंत जाऊन आले. तेव्हापासून आमच्या घरी किल्ली लपवण्याचा उद्योग सुरू झाला. मी ती तांदळाच्या डब्यात ठेवली, त्यांनी भाताला तांदूळ काढून देण्याच्या निमित्ताने शोधली. देवघरात ठेवली, तर देवाने त्यांची बाजू घेतली. रागावायची सोय नव्हती. "कुंभार्लीत एकतीस वर्षं एक खरचटा नाही काढला, तो मी बाजारात गाडी नेऊ नको काय?" याला उत्तर काय द्यायचे! आणि बाजारात तर शाळा सुटल्यावर माझीच मुले रस्ताभर पसरलेली असतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात भाचा आजोळी आला तो आपले स्टिअरिंग, पायडल आणि संगणक घेऊनच. कल्पना ताईची. अण्णांची हौस भागेल, किल्ली वाचेल. मला ते पटत नव्हते. वाघाला कापडाचे हरीण देण्यासारखे ते वाटत होते. पण मी गप्प बसले.

शर्यतीच्या गाड्या अण्णांनी पाहूनच नाकारल्या. "एकटं बसून एवढ्या घाईनं जायचं कुठं?" तेव्हा भाच्याने ट्रक चालवायचा खेळ काढला. तो प्राग शहरातल्या एका कंपनीने केलेला आहे. त्यात युरोपभर माल वाहून न्यायचा. अण्णा आल्प्स पर्वतातल्या एका रस्त्याला लागले आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला, "आपल्या बाजूनं चल की रे!" म्हणून ओरडू लागले. तिथे वाहतूक उजव्या हाताने असते हे त्यांना सांगेपर्यंत दोन धडका झाल्या. मग त्यांना इंग्लंडात नेले. तिथे डावी बाजू मिळाली, पण घाट मिळेना. "परत ने तिकडं," ते म्हणाले, "सवय करतो." आणि दहा मिनिटांत सवय केलीही. चढाची वळणे ते असे घेऊ लागले की भाचा मागे उभा राहून नुसता पाहत राहिला.

"कसं वाटतं आजोबा?"

"रिकामी आहे गाडी."

"रिकामी कुठं? मागं वीस टन माल आहे. बघा, चढाला कशी दमतेय."

"माल नव्हे रे. माणसं."

मग थोड्या वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता, ते बोलू लागले. इंजिनाची धग डाव्या पायाला लागत नाही. उतारावर लायनरचा वास यायला लागला की ड्रायव्हरने समजायचे, ब्रेकवर फार बसलो. इथे वासच नाही, तर सांगणार कोण? आणि ब्रेक बरा लागला की वाईट, हे आपल्याला आपल्या पायाने थोडेच कळते? ते मागून कळते. उभी असलेली माणसे पुढे येतात, एखादीचा डबा घरंगळत कंडक्टरच्या पायाशी येतो, पोर रडते. "पन्नास माणसं पाठीला लागलेली असतात. ती गाडी चालवतात. आपण नुसतं चाक धरायचं."

मला वाटते, सिम्युलेटरवर आजवर जे काही लिहिले गेले असेल त्यात इतकी नेमकी टीका क्वचितच झाली असेल.

पण पुढे जे घडले ते वेगळे. घाटाचा उतार लागला. चढलो त्याच गिअरने उतरायचे, हा अण्णांचा जन्माचा नियम. त्याप्रमाणे गिअर खालचा होता, सगळे यथास्थित होते. एका उलट्या वळणावर ट्रक कठड्याला घासला. अण्णांनी भुवया वर केल्या. भाच्याने गाडी पुन्हा मागे आणून ठेवली. पुन्हा तेच वळण, पुन्हा कठडा. तिसऱ्यांदाही कठडा.

"ब्रेक ढिला आहे तुझा," अण्णा म्हणाले.

त्या पायडलांबरोबर एक प्रोग्रॅम येतो. पाय किती जोराने दाबला जातो आहे, ते त्यात एका पट्टीवर दिसते. भाच्याने निरागसपणे तो उघडला. अण्णांनी पाय दाबला. पट्टी जागची हलली नाही. मग, आपण मनात एक-दोन म्हणू इतक्या अवकाशाने, ती अर्ध्यापर्यंत चढली आणि तिथेच थांबली. अण्णांनी पाय काढला. पट्टी वरच राहिली, मग खाली आली. त्यांनी डाव्या पायाने दाबून पाहिले. पट्टी तत्क्षणी टोकाला गेली. पुन्हा उजवा. पुन्हा उशीर.

खोलीत कुणी बोलले नाही. डॉक्टरांनी, मी, ताईने तीन वर्षे जे सांगितले ते सारे आमचे म्हणणे होते. हे त्यांच्या पायाचे म्हणणे होते. अण्णा चार-पाच वेळा उजवा पाय दाबत राहिले, जुन्या गाडीचा बिघाड शोधणारा मेस्त्री असतो तसे, मान थोडी कलती करून. मग, "बंद कर, डोळे दुखले," म्हणून उठले.

रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर एक किल्ली ठेवली. माझी किल्ली माझ्या पर्समध्येच होती. ही त्यांनी बाजारातून परस्पर करून आणलेली होती. केव्हा, ते मी विचारले नाही. "तुझ्याजवळ असू दे," एवढेच म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले. मला आनंद व्हायला हवा होता. मी भांडी घासत बराच वेळ मोरीत राहिले.

जूनमध्ये भाच्याला अठरा पूर्ण झाली आणि तो मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊ लागला. त्याच्या नव्वद टक्क्यांची परीक्षा तिथे झाली. पहिल्या दिवशी गाडी सात वेळा बंद पडली, कारण क्लच अर्धा सोडून गाडी मुंगीच्या पावलाने पुढे नेण्याची वेळ शर्यतीत येत नाही. शर्यतीत सगळे एकाच दिशेने जातात. पुण्याच्या पेठांत ही अट पाळली जात नाही. बोळातून सायकल येते, रिक्षा विचार बदलते, आजीबाई रस्त्याच्या मध्यावर थांबून पिशवीत डोकावतात. यांच्या डोळ्यांकडे पाहून त्यांच्या मनात काय आहे ते ओळखायचे असते, आणि पडद्यावरच्या माणसांना डोळे असूनही मन नसते. उलट, पहिल्या पावसात एका तेलकट वळणावर गाडी मागून सरकली, तेव्हा या मुलाने ब्रेकवर पाय आपटला नाही, नजर जायच्या दिशेला ठेवली आणि हळूच स्टिअरिंग उलटे देऊन गाडी सरळ केली. शिकवणारे मास्तर म्हणाले, हे मी तुला शिकवलेलं नाही. ते त्याने न्युर्बुर्गरिंगवर हजारदा झाडावर आदळून शिकले होते. लिंकच्या भात्याचे पुण्य, दुसरे काय!

लायसन्स हातात आल्यावर दिवाळीच्या सुट्टीत तो ताईची गाडी घेऊन आला. त्याला कुंभार्ली चालवायचा होता. अण्णा डाव्या बाजूला पुढे बसले, मी मागे. चढ चढून हेळवाकला चहा झाला. परत निघताना अण्णांनी टपरीवाल्याकडून एक तांब्या मागून घेतला, काठोकाठ पाण्याने भरला आणि गाडीत माझ्या हातात दिला. "झाकण नको. दोन्ही हातांनी धर, पण सांभाळू नको. गाडी जाईल तसा जाऊ दे." मग भाच्याला म्हणाले, "तुझी मावशी म्हणजे पन्नास माणसं आहेत समज."

उतार सुरू झाला. भाचा वळणे सुंदर घेत होता. कुठे आत शिरायचे, कुठे बाहेर पडायचे, अगदी पडद्यावर घेतो तशी. चढणाऱ्या गाड्यांना अण्णा हाताने वाट द्यायला लावत होते. प्रत्येक वळणाच्या आधी त्यांचा जड उजवा पाय पुढच्या रिकाम्या फरशीवर दाबला जाई, थोडा उशिरा. माझ्या साडीवर थंडगार पाण्याची पहिली धार आली ती चौथ्या वळणाला.

पोफळीला सपाटी लागल्यावर अण्णांनी गाडी कडेला घ्यायला सांगितली. मागे वळून त्यांनी तांब्यात डोकावून पाहिले, मग माझ्या भिजलेल्या निऱ्यांकडे पाहिले, आणि मनाशी काही हिशेब केला.

"पंधरा-वीस माणसं पडली असतील," ते म्हणाले. "तांब्या भर. वर चल पुन्हा."